संपादकातील शॉर्टकट : कळा आपल्या, नियमही हवेत

कंट्रोल, ऑल्ट व शिफ्ट या कळा एकट्या दाबल्यास सहसा काहीच घडत नाही. दुसऱ्या कळेसोबत दाबल्यावर मात्र त्या तिचा अर्थ बदलतात. म्हणून त्यांना ‘मॉडिफायर की’ म्हणतात. अशा जोडीला एखादे काम नेमून दिले की शॉर्टकट तयार होतो.

हे काम वापरकर्त्याच्या हाती सोपविणारा जुना संपादक म्हणजे ईमॅक्स. त्याचा उगम १९७६ मध्ये अमेरिकेतील ‘एमआयटी’च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये ‘जीएनयू ईमॅक्स’ उपलब्ध करून दिला. तेथील जुन्या यंत्रांवर ‘मेटा’ नावाची स्वतंत्र कळ असे. पीसीवर तिचे काम ऑल्ट करते. ऑल्ट चालत नसल्यास आधी एस्केप दाबून सोडावी व मग पुढची कळ दाबावी.

नवख्याची फसगत येथेच होते. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स मजकूर कापत नाही, पुढच्या कळेची वाट पाहते. नंतर कंट्रोल-एस दाबल्यास फाइल जतन होते. सवयीने कंट्रोल-सी दाबल्यास ईमॅक्सच बंद होऊ लागतो.

स्वतःचा शॉर्टकट ईमॅक्सच्या प्रारंभ-फाइलमध्ये एका ओळीत लिहिता येतो. मात्र प्रचलित जोडी अडविल्यास तिचे मूळ काम हातचे जाते. यासाठी कंट्रोल-सीनंतर एखादे इंग्रजी अक्षर, तसेच एफ-५ ते एफ-९ या कळा वापरकर्त्यांसाठी राखीव आहेत. एखाद्या जोडीला आधीच काम नेमले आहे का, हे कंट्रोल-एच व त्यानंतर ‘के’ दाबून ती जोडी दाबल्यास कळते. टर्मिनलमध्ये आणखी एक दक्षता हवी : तेथे कंट्रोल-आय आणि टॅब यांचा संकेत एकच असल्याने एकीचा अर्थ बदलला की दुसरीचाही बदलतो.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी. संपूर्ण संगणकाचा कळफलक देवनागरी केल्यास कंट्रोलसोबत इंग्रजीऐवजी देवनागरी अक्षर पोहोचते व शॉर्टकट निकामी ठरू शकतात. त्याऐवजी ईमॅक्समधीलच ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ ही टंकनपद्धत निवडावी. मग साध्या कळांनी मराठी उमटते, कंट्रोलच्या जोड्या मात्र पूर्ववत चालतात. एकदा निवडलेली पद्धत कंट्रोल व उलटी तिरकी रेघ दाबून चालू-बंद करता येते.