कलाइतिहास, एम.ए. (प्रबंधाविना)

लघुप्रबंध न लिहिता अभ्यासपत्रिका, छोटे निबंध, क्षेत्रकार्य व परीक्षा यांवर मिळणारी कलेच्या इतिहासातील पदव्युत्तर पदवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यानुसार दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसरे वर्ष केवळ अध्ययनाचे, केवळ संशोधनाचे किंवा एकेक सत्र दोन्हींचे ठेवता येते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये स्वीकारलेली रचना अध्ययन व संशोधन यांच्या मधल्या वाटेची आहे. चार सत्रांचे ८८ श्रेयांक. पहिल्या सत्रात संशोधनपद्धती (४), दुसऱ्यात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प (४), तिसऱ्या-चौथ्यात संशोधन प्रकल्प (४ व ६). म्हणजे मोठा प्रबंध टळला, तरी दहा श्रेयांकांचे स्वतंत्र काम सुटत नाही. पहिल्या वर्षाअखेर ४४ श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका घेऊन थांबता येते.

ही रचना मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या बाजूने पाहू. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात आणि लातूरला त्याचा उपपरिसर आहे. इथला विद्यार्थी या विषयाकडे बहुधा इतिहासाच्या पदवीतून वळतो. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व, किंवा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेचा इतिहास, असे मार्ग आहेत.

क्षेत्रकार्यासाठी मात्र त्याला दूर जावे लागत नाही. देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर आणि निलंग्याचे नीळकंठेश्वर मंदिर ही कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील शैली समोरासमोर ठेवून शिकण्याची ठिकाणे. कंधारला राष्ट्रकूटकालीन क्षेत्रपालाच्या अतिविशाल मूर्तीचे सुटे अवशेष आहेत. तुकड्यांवरून मूळ मूर्तीचे प्रमाण कसे काढावे, हे तिथे प्रत्यक्ष मोजून शिकता येते. औसा तालुक्यातील खरोसा लेणी जांभ्या खडकात खोदलेली आहेत. अजिंठा-वेरूळच्या बेसॉल्टवर सराव झालेल्या डोळ्याला तिथे झिजलेली शिल्पे वाचायची नवी सवय लावावी लागते. एका मंदिराचे तलविन्यास-रेखाटन, मूर्तींची नोंद आणि छायाचित्रे एवढे काम नीट झाले, तर ते घाईने जुळवलेल्या शंभर पानांपेक्षा अभ्यासाला अधिक उपयोगी पडते.

भाषेची अट हा या पदवीचा सर्वांत दुर्लक्षित भाग. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे प्रबंध न मागतानाही सर्वंकष परीक्षा घेतात आणि जर्मन किंवा फ्रेंच वाचता येण्याची अट घालतात, कारण या विषयाचे जुने संशोधन त्या भाषांत आहे. मराठवाड्यात तोच न्याय लावायचा, तर संस्कृत व जुनी कन्नड लागते. चालुक्यकालीन शिलालेखांचा मोठा भाग कन्नडमध्ये आहे. कंधार व उदगीरच्या किल्ल्यांवरील लेखांसाठी फारसी, तर मराठा काळातील कागदपत्रांसाठी मोडी हवी. यांपैकी किमान एका भाषेचे किंवा लिपीचे वाचन अनिवार्य असायला हवे. लेख न वाचता मंदिराचा काळ ठरवणारा विद्यार्थी दुसऱ्याच्या निष्कर्षावर कायमचा अवलंबून राहतो.

प्रबंध नसल्याने पुढची वाट बंद होत नाही. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत मिळते आणि प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे अध्ययन करावे लागते. अध्यापनासाठीच्या नेट परीक्षेत कलेचा इतिहास ‘दृश्यकला’ या विषयात येतो.