नव्या वैमानिकाची पहिली कंपनी

परांडा तालुक्यांतील सोनारी हें काळभैरवनाथाचें गांव. चैत्रांतील यात्रेमुळें त्याचें नांव दूरवर परिचित आहे. आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत, आणि तोहि अगदीं पश्चिमेच्या कडेला होता. पलीकडची बार्शी इंग्रजी अंमलांत. तेथील अरुंद रुळांवरची आगगाडी हीच या भागांतल्या माणसाची वेगाची कल्पना. परंतु ज्या सरकारचा अंमल सोनारीवर होता, त्याच्या रेल्वेखात्याचें मन रुळांवर मावत नव्हतें. १९३२ सालीं त्यानें २७ मोटारगाड्या घेऊन रस्त्यावरील वाहतूक सुरू केली, आणि १९४५ सालीं टाटांच्या सहकार्यानें ‘डेक्कन एअरवेज’ ही विमान-कंपनी काढली. बहुतेक भांडवल रेल्वेचेंच होतें. १९४६ मध्यें हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरून तिचीं विमानें उडूं लागलीं.

तीं विमानें म्हणजे डाकोटा. महायुद्ध संपतांच लष्कराला नकोशीं झालेलीं हीं विमानें स्वस्तांत विकलीं गेलीं, आणि देशांत विमान-कंपन्यांचें जणूं पीकच आलें. वरवर पाहतां नव्या वैमानिकाला हा सुकाळ वाटावा. प्रत्यक्षांत युद्धांतून मोकळे झालेले, शेंकडों तास उड्डाण केलेले वैमानिक त्याच दाराशीं उभे होते. उड्डाण-मंडळांत शिकलेल्या उमेदवाराजवळ काय असे? एका लहानशा इंजिनाच्या विमानाचा अनुभव आणि सरकारी परवाना. डाकोटाला दोन इंजिनें, आणि प्रत्येकाची शक्ति सुमारें १२०० अश्वांची! ही विद्या कंपनींत शिरल्यावांचून येत नसे, आणि ती आल्यावांचून कंपनी सहसा दार उघडीत नसे.

दार उघडलें तरी खरा प्रश्न पुढेंच होता. विमानाच्या अग्रभागीं दोन खुर्च्या असतात. डावी मुख्य वैमानिकाची, उजवी सहवैमानिकाची. नव्या माणसाला उजवी मिळते. पगार किती, हा प्रश्न घरचीं माणसें विचारतात. उजवीकडून डावीकडे जावयास किती वर्षें लागतील, हा प्रश्न ज्याचा त्यानेंच विचारावा लागतो.

प्रेम माथुर यांची हकीकत या दृष्टीनें फार बोलकी आहे. अलाहाबादच्या उड्डाण-मंडळांत शिकून १९४७ सालीं त्यांनीं धंद्याचा परवाना मिळविला. आठ खाजगी कंपन्यांनीं त्यांना नाकारलें. उणीव कौशल्यांत नव्हती. अर्जदार स्त्री होती, एवढेंच. अखेर त्याच वर्षीं होकार आला तो हैदराबादहून. जी कंपनी घेईल तीच त्यांची पहिली कंपनी ठरली. ‘निवड’ हा शब्द तेथें कितपत शोभतो, हें वाचकांनींच ठरवावें. हिंदुस्थानांतील पहिली स्त्री व्यावसायिक वैमानिक म्हणून त्या डेक्कन एअरवेजच्या सहवैमानिक झाल्या. मुंबई-दिल्लीच्या श्रीमंत कंपन्यांना जें धैर्य झालें नाहीं, तें एका संस्थानी कंपनीनें दाखविलें, हें तिच्या पदरीं घातलेंच पाहिजे.

पण तें धैर्य उजव्या खुर्चीपाशींच संपलें. विमानाची संपूर्ण सूत्रें आपल्या हातीं यावींत, अशी माथुर यांची मागणी होती. कंपनीनें ती मान्य केली नाहीं. १९४९ सालीं त्यांनीं राष्ट्रीय विमान-शर्यत जिंकली. ज्या हातांवर शर्यतीचा निकाल सोपविला गेला, त्या हातांवर उतारूंचा भरंवसा बसेल कीं नाहीं, याची शंका बाळगणें ही शहाण्यांचीच करामत! डेक्कन सोडून त्या दिल्लीस गेल्या आणि उद्योगपति घनश्यामदास बिर्ला यांचें खाजगी विमान चालवूं लागल्या.

नवशिक्यानें आणखी एक गोष्ट पारखावयास हवी होती, ती कंपनीचें आयुष्य. मधल्या काळांत हैदराबाद राज्यच उरलें नव्हतें. सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकानें कराचीहून रात्रीं चोरून शस्त्रें आणलीं, तरी १९४८ च्या सप्टेंबरांत सोलापूरकडून नळदुर्गावर आलेलें हिंदी सैन्य पांच दिवसांत विजयी झालें. राज्य गेलें, पण त्याची विमान-कंपनी मात्र राहिली. उलट अंबिका, ज्युपिटर अशा कंपन्या थोड्याच वर्षांत बुडाल्या, आणि त्यांच्याबरोबर कित्येकांच्या खुर्च्याहि गेल्या. १९५० सालीं न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या समितीनें स्पष्ट सांगितलें कीं, देशांतील वाहतुकीच्या मानानें कंपन्या फार झाल्या आहेत. चार पुरेत, आणि त्यांपैकीं एकीचें ठाणें हैदराबाद असावें.

सरकारनें चारहि ठेवल्या नाहींत. १९५३ सालीं आठ कंपन्या एकत्र करून ‘इंडियन एअरलाइन्स’ हें महामंडळ स्थापिलें. प्रेम माथुर त्याच वर्षीं तेथें रुजू झाल्या. बेगमपेठेच्या ज्या कंपनीस त्या सोडून गेल्या होत्या, तिचीं विमानेंहि त्याच महामंडळाच्या ताफ्यांत येऊन दाखल झालीं होतीं.