पावसाच्या थेंबापासून घोड्याच्या पाठीपर्यंत

1960च्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या डॉर्निअर या विमान कंपनीच्या इंजिनिअरांपुढे एक कोडं होतं. आवाजापेक्षा जास्त वेगाने जाणारं विमान पावसात सापडलं की त्याच्या पत्र्यावर बारीक खड्डे पडायचे. पाण्याच्या थेंबाने धातूला खड्डा कसा पडेल? उत्तर वेगात होतं. इतक्या वेगाने थेंब आदळला की धातूच्या आत दाबाची एक तीक्ष्ण लाट धावते. तीच शॉक वेव्ह.

याच प्रयोगांमधला एक किस्सा सांगतात. अतिवेगवान गोळी लक्ष्यावर आदळली, नेमक्या त्याच क्षणी एका कर्मचाऱ्याचा हात त्या लक्ष्याला लागलेला होता. त्याला विजेचा झटका बसल्यासारखं वाटलं. मोजून पाहिलं तर वीज कुठेच नव्हती. लाट त्याच्या हातातून गेली होती.

नावात ‘शॉक’ असला तरी या लाटेचा करंटशी संबंध नाही, हे आधी लक्षात घेऊ. यात दाब सेकंदाच्या अब्जांश भागांत प्रचंड वाढतो आणि लगेच उतरतो. आपलं शरीर बहुतांश पाण्याचं असल्यामुळे मांसातून ही लाट फारशी न अडखळता जाते. घनता बदलते तिथे, म्हणजे हाड, खडा किंवा हवेने भरलेलं फुप्फुस आलं की ती आपली ताकद तिथे सोडते. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरचे खलाशी पाण्यात असताना जवळ पाणबुडीविरोधी बॉम्ब फुटले, तेव्हा अंगावर जखम नसतानाही त्यांची फुप्फुसं फाटलेली आढळली होती.

जी लाट फुप्फुस फाडते ती किडनीतला खडा फोडू शकेल का, असा प्रश्न म्युनिकमधल्या डॉक्टरांनी विचारला. 7 फेब्रुवारी 1980 रोजी ख्रिस्तियान शाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉर्निअरच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मुतखडा फोडला. रुग्ण पाण्याच्या टबमध्ये, पाण्याखाली ठिणगी, आणि लाट एका बिंदूवर गोळा करणारा लंबगोल वाडगा. पोट फाडायची गरज संपली. आज आपल्या ओळखीत कुणी ना कुणी ‘मशीनवर खडा फोडून’ आलेलं असतं. त्या मशीनचं मूळ विमानाच्या पत्र्यात आहे.

मग डॉक्टरांचं लक्ष हाडांकडे गेलं. लाटेने शेजारच्या हाडाला इजा होते का, हे तपासताना उलटंच दिसलं. तिथे नवं हाड तयार होत होतं. न जुळणाऱ्या फ्रॅक्चरवर, मग खांद्यावर, टाचेवर हा उपाय सुरू झाला. 2000 साली अमेरिकेत टाचदुखीसाठी अशा यंत्राला सरकारी मान्यता मिळाली.

घोड्यांपर्यंत ही गोष्ट 1990च्या दशकात पोचली, तीही जर्मनीतच. सुरुवात पायाच्या मागच्या बाजूच्या एका जाड अस्थिबंधापासून झाली. शर्यतीच्या घोड्याचा हा भाग दुखावला की महिनोन्‌महिने जातात. थोड्याच वर्षांत अमेरिकेत आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत स्कॉट मॅक्ल्यूर यांनी त्यावर काम सुरू केलं.

त्याआधी घोड्याच्या दुखऱ्या पायावरचा शतकानुशतकांचा उपाय कोणता होता? डाग देणं. तापलेल्या लोखंडाने कातडी भाजायची. आपल्याकडे बैलांनाही डागण्या देत आलेत, त्यामुळे यात परकं काही वाटायला नको. 1983 साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी घोड्यांवर अभ्यास करून दाखवलं की डागल्याने स्नायुबंध बरा व्हायला मदत होत नाही. अशा वेळी डाग न ठेवणारं, सूज न आणणारं यंत्र आलं आणि तबेल्यांनी ते उचलून धरलं.

पायाकडून ते पाठीकडे आलं. घोड्याची पाठ हा जुना वादाचा विषय. 1980 साली लिओ जेफकॉट यांनी पाठीच्या तक्रारी असलेल्या 443 घोड्यांचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हापासून या दुखण्याकडे शिस्तीने पाहिलं जाऊ लागलं. साडेचारशे-पाचशे किलोचा प्राणी पाठीवर माणूस घेऊन ताशी साठ किलोमीटरने धावतो. कण्याच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब स्नायू असतात आणि त्यांच्या खाली, मणक्यांना चिकटून, छोट्या पट्ट्यांचा आणखी एक थर. हा आतला थर मणके जागेवर धरून ठेवतो. पाठ दुखली की तो बारीक होतो. असा घोडा खोगीर चढवताना कान मागे टाकतो, पाठ खाली दाबतो, पावलं आखडून टाकतो.

उपचार पाहिला तर साधा वाटतो. घोड्याला गुंगीचं हलकं औषध देतात, पाठीवर जेल लावतात आणि टक्-टक् आवाज करणारं टोक कण्याच्या कडेने फिरवत नेतात. 2020 साली व्हर्जिनियातल्या संशोधकांनी पाठदुखीच्या 12 घोड्यांवर दोन-दोन आठवड्यांनी तीन वेळा हा उपचार केल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठ दाबल्यावर घोडे आधीपेक्षा जास्त दाब सहन करू लागले. म्हणजे दुखणं कमी झालं. मात्र सोनोग्राफीत मोजलेला तो आतला स्नायू होता तेवढाच राहिला, भरला नाही.

खरा प्रश्न इथेच सुरू होतो. दुखणं कमी होणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2004 साली लुइझियानातल्या संशोधकांनी घोड्यांच्या पायाच्या नसा तपासल्या. उपचारानंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी नसांमधून संदेश जाण्याचा वेग कमी झाला होता आणि नसांवरच्या वेष्टणाला सूक्ष्म इजा दिसली. इंजेक्शन न देता काही दिवस बधिरपणा यावा, असंच काहीसं.

घरी टाचेवर उपचार घेतलेल्या माणसाला डॉक्टर सांगतो, चार दिवस पळू नका. घोड्याला पळायचं की नाही, हे ट्रेनर ठरवतो. हाडात बारीक भेग असेल तर वेदना त्याला आखडून धरते. ती वेदना गेली की तो पूर्ण जोर लावतो, आणि भर वेगात हाड मोडलं तर बहुतेकदा त्याला मारून टाकावं लागतं. सोबत जॉकीही पडतो. पाठीचं दुखणं तर आणखी फसवं. मागचा पाय दुखत असला की घोडा भार चुकवायला पाठ ताठ धरतो, आणि मग पाठही धरते. पाठीवर मशीन फिरवलं की पायाची तक्रार तशीच दबून राहते.

म्हणून नियम आले. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने स्पर्धेआधीच्या पाच दिवसांत हा उपचार बंद केला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शर्यतीआधी दहा दिवसांचं अंतर बंधनकारक होतं. 2022 साली तिथे लागू झालेल्या राष्ट्रीय नियमांनी ते तीस दिवसांवर नेलं. डागण्याला तर त्याच नियमांनी पूर्ण बंदी घातली.

पण उत्तेजक द्रव्य रक्तात, लघवीत सापडतं. लाट सापडत नाही. ती येऊन गेल्याचा कुठलाही रासायनिक माग राहत नाही. त्यामुळे नियम यंत्रांच्या नोंदणीवर आणि डॉक्टरने उपचार कळवण्यावर चालतात, म्हणजे शेवटी माणसाच्या खरेपणावर.

ही लाट वाईट नाही. तिने लाखो माणसांचं पोट फाडण्यापासून वाचवलं आणि पाठ धरलेल्या घोड्यालाही ती आराम देते. त्या आरामानंतर त्याला महिनाभर चरायला सोडायचं की शनिवारच्या शर्यतीत उतरवायचं, एवढंच ठरवायचं असतं. आणि ते ठरवताना घोड्याला कुणी विचारत नाही. तो फक्त कान मागे टाकू शकतो, तेही दुखलं तरच.