माजघरात पोहोचलेली गोष्ट

आपल्या मंडळाला यंदा साठ वर्षे पुरी होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी मी काही लिहावे, असा निरोप चिटणीसबाईंनी पाठविला, तेव्हा "मी काय लिहिणार?" असेच प्रथम तोंडातून गेले. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला, एवढाच काय तो माझा अधिकार. परंतु गेली दोन वर्षे आपल्या सभांतून हळदीकुंकवाच्या प्रश्नावर जे बोलणे होत आले, ते ऐकताना एक विचार मनात सारखा घोळत होता. समाजाचे मन पालटते ते कशाने? व्याख्यानाने, कायद्याने, की आणखी कशाने? त्याविषयी चार शब्द लिहिते. भगिनींनी गोड मानून घ्यावेत.

१८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली आणि महाराष्ट्रात वादाचे रान पेटले. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला उभा राहिला. पुढे १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. त्याआधी पुण्यात सभा झाल्या, सभा उधळल्या गेल्या, वर्तमानपत्रांतून एकमेकांची उणीदुणी निघाली. परकी सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे; लोक आपण होऊन सुधारत नाहीत तर कायदा हवाच, असे आगरकरांचे. दोन्ही बाजूंची लेखणी तलवारीसारखी. पण गंमत पाहा, ज्यांच्याबद्दल हे सारे चालले होते त्या बायका माजघरात होत्या आणि त्यांच्यापैकी शंभरांत एखादीलाच अक्षर ओळखता येत होते. बोलणारे पुरुष आणि ऐकणारेही पुरुषच.

अपवाद होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना खडखडीत जाब विचारला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला शिक्षा झाली, त्यावरून समस्त स्त्रीजातीला दूषणे देण्यात आली आणि त्या संतापातून हे पुस्तक जन्मले. जोतीरावांनी 'सत्सार'मधून त्यांची पाठराखण केली. बाकी समाजाने काय केले? पुस्तक विस्मरणात टाकले. पुढे १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून काढले, तेव्हा कुठे माझ्यासारखीच्या हाती पडले. वाचताना आजही अंग शहारते. तथापि खरे सांगावयाचे तर, ते पुस्तक माझ्या आजीच्या घरात शिरूच शकले नसते. दारातच अडविले गेले असते.

जे शिरले ते दुसरेच. १८९० साली हरि नारायण आपटे यांनी एक साप्ताहिक काढले आणि त्याचे नाव ठेवले 'करमणूक'. या नावातच मला त्यांची सारी हुशारी दिसते. 'सुधारक' असे नाव वाचून ज्या घरचे वडीलधारे कपाळाला आठ्या घालीत, त्या घरात 'करमणूक' यावयास काय हरकत? त्यात क्रमशः आलेली 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी म्हणजे यमू नावाच्या मुलीने सांगितलेली स्वतःची हकीकत. तिचे बालपण, लग्न, सासर, मुंबईतील सुखाचे थोडे दिवस, नवऱ्याचा मृत्यू आणि नंतर शंकरमामंजींनी बळजबरीने करविलेले केशवपन. त्यात उपदेश फार थोडा. यमू आपली घरात बोलावे तसे बोलते. मध्येच थांबते, विषयांतर करते, "हे सांगायचं राहिलंच" अशा थाटात मागे वळते. पुरुषाने बाईचा आवाज काढला म्हणून आज कोणी नाक मुरडतात, आणि ते अगदीच चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. परंतु हरिभाऊंचा काशीबाई कानिटकरांसारख्या लेखिकेशी स्नेह होता, पत्रव्यवहार होता, आणि घरातल्या बायकांचे बोलणे त्यांनी कान देऊन ऐकलेले होते, हे पानोपानी कळते. त्याच १८९० साली मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरविले होते. हेही मुलांना शिकविताना मी आवर्जून सांगत असे, कारण पुस्तकात ते नसे.

आता आमच्या घरची हकीकत सांगते. माझ्या वडिलांची आत्या वाईच्या घरात आमच्याकडेच असे. आम्ही मुले तिला आत्याआजी म्हणत असू. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट पदर, आणि उजेडापासून सरकून दाराच्या चौकटीला टेकून बसावयाची सवय. साधारण १९५५ सालची गोष्ट असेल. दुपारची जेवणे, झाकपाक आटोपली की आई मोठ्याने वाचावयास बसे आणि शेजारच्या चारपाच बायका वाती वळीत, तांदूळ निवडीत ऐकत. त्या उन्हाळ्यात यमूची गोष्ट चालली होती. केशवपनाचा भाग आला त्या दिवशी आत्याआजी काही न बोलता उठली आणि परसात निघून गेली. आईने पुस्तक मिटले. आता ही पुन्हा ऐकावयास येणार नाही, असे सर्वांना वाटले. दुसऱ्या दिवशी ती सर्वांच्या आधी जागेवर येऊन बसली आणि म्हणाली, "यमूचं पुढं काय झालं ते वाच."

पुस्तक संपले त्या दिवशी ती बोलली. साठ वर्षांपूर्वीचे बोलली. न्हावी घरोब्यातलाच होता, तिच्या आज्याची हजामत करावयास येणारा. तो म्हणाला, "बाय, डोळे मीट." "मी नाही मिटले," आत्याआजी म्हणाली, "तोच मिटत होता सारखा." माझे वडील ओटीवर होते. आपल्या आत्याला नाव काय होते, ती कोणत्या वर्षी विधवा झाली, हे त्यांनी तोवर कधी विचारले नव्हते. त्यानंतर धाकट्या आत्याच्या लग्नाची बोलणी चालू असता मुलगी मॅट्रिक झाल्यावाचून लग्न नाही, असे वडिलांनी आजोबांच्या तोंडावर सांगितले. कादंबरीमुळे की आत्याआजीमुळे, ते मला वेगळे करून सांगता येणार नाही.

हरिभाऊंची यमू कल्पनेतली. पण पार्वतीबाई आठवले खऱ्याच होत्या. देवरुखच्या जोशांची ही मुलगी, बाया कर्वे यांची बहीण. ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, पदरी मुलगा. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, त्याच्यासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव हिंडल्या. सोवळ्या वेशातली बाई सभेत उभी राहून बोलते हेच लोकांना नवल. माझा तर असा समज आहे की, तो वेशच त्यांच्या भाषणाचा अर्धा भाग होता. सनातनी घरातील बायकांना ही आपल्यातलीच वाटे, बाटलेली वाटत नसे. पुढे त्यांनी केशवपन सोडले. १९१८ साली, चाळिशी उलटल्यावर, त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे घरकामे करून इंग्रजी शिकल्या, १९२० साली परत आल्या. १९२८ साली 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र लिहिले. त्यांची काही मते आज आपल्याला पटणार नाहीत. बायकोने कसे वागावे याविषयी तर त्या चांगल्याच जुन्या वळणाच्या. म्हणून काही मी त्यांना कमी मानीत नाही.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. केशवपन ही मुख्यतः ब्राह्मण व तत्सम घरांतील चाल. म्हणून या साऱ्या कथा त्या वर्तुळातल्या. त्याच काळात आणि पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच बाज घेऊन गावाच्या पारावर भटजी-सावकारांची सोंगे उभी केली. १९३० नंतर नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी अस्पृश्यतेचा प्रश्न वस्तीवस्तीत नेला. वाचता न येणाऱ्याला सांगावयाचे तर त्याच्या ओळखीच्या चालीत सांगावे, हे त्यांना शाळेत कोणी शिकविले नव्हते. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना दोन ओळीही नसत, याची मला शिक्षिका म्हणून लाज वाटते.

कायदे झाले. १९२९ साली शारदा कायदा झाला. देवलांच्या 'संगीत शारदा' या १८९९ सालच्या नाटकावरून त्याचे नाव पडले, असे आमच्याकडे पुष्कळांना वाटे. वास्तविक ते हरविलास सारडा यांचे आडनाव. पण नाटक पाहून रडलेल्या प्रेक्षकांना तो कायदा आपल्या ओळखीचा वाटला असेल, तर चूक काही वाईट नव्हे!

विधवांच्या कुंकवाचा प्रश्न मात्र राहून गेला. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनेही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. त्यानंतर आपल्याही मंडळात विषय निघाला. तीन सभा झाल्या, तीनही सभांत मी स्वतः लांबलचक भाषण केले, रखमाबाईंपासून सारे सांगितले. कोणावरही परिणाम झाला नाही. "बाई, तुमचं खरं आहे, पण..." एवढेच.

चौथ्या सभेत एक भगिनी उभ्या राहिल्या. त्यांच्या इच्छेवरून नाव लिहीत नाही. मुलीच्या लग्नात ओटी भरण्याच्या वेळी त्या आपण होऊन स्वयंपाकघरात जाऊन बसल्या होत्या. मुलगी बाहेरून हाक मारीत होती. "मी लाडवांचे डबे मोजत होते," त्या म्हणाल्या, "एकशे वीस होते. दोनदा मोजले." आणि खाली बसल्या. त्या दिवशी ठराव झाला नाही. पुढच्या सभेत विषय काढला तो आजवर विरोध करणाऱ्या दोघींनीच.

गेल्या संक्रांतीला अकरा विधवा भगिनींना आमंत्रण गेले, चौघी आल्या. तिघींनी कुंकू लावून घेतले. चौथीने वाण घेतले, हळद हाताला लावू दिली, पण बोट कपाळाकडे जाताच मान मागे घेतली. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या. आम्ही आग्रह केला नाही. जाताना नातवासाठी तिळगूळ मात्र दोन मुठी मागून नेला.