सत्ता, हक्क आणि मुक्ताबाईंचा निबंध

अहमदनगर जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यादेवी होळकरांचे नाव अधिकृतपणे मिळाले. अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातील चौंडीचा, त्यामुळे नामांतरामागची भावना समजण्यासारखी आहे. परंतु स्त्रियांच्या हक्कांच्या दृष्टीने या जिल्ह्याचा इतिहास वाचू लागलो, की आणखी एक वर्ष नजरेत भरते. अहिल्यादेवींचे निधन १७९५ सालचे, आणि पुढे नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फॅरार या अमेरिकन शिक्षिकेचा जन्मही त्याच वर्षीचा. हा केवळ योगायोग आहे. त्यातून काही सिद्ध होत नाही. तरीही एका स्त्रीच्या हाती सत्ता असणे आणि सर्व स्त्रियांना हक्क असणे या दोन गोष्टींतील अंतर मोजायला हा योगायोग उपयोगी पडतो.

अहिल्यादेवींनी महेश्वरहून राज्यकारभार केला तो १७६७ ते १७९५ या काळात. नेमक्या याच काळात जगात क्रांतीचे वारे वाहत होते. अमेरिकेने १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, फ्रान्सने १७८९ साली मानवी हक्कांचा. त्यातील ‘मानव’ या शब्दात स्त्री धरलेली नाही, हे ओळखून ओलँप द गूज हिने १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला. दोन वर्षांनी तिला गिलोटिनवर जावे लागले. मेरी वुलस्टनक्राफ्टचा स्त्रियांच्या हक्कांवरील ग्रंथ १७९२ सालचा. स्त्री दुबळी दिसते ती तिला शिक्षण नाकारल्यामुळे, हा त्याचा गाभा. या दोघींच्या हाती राज्य नव्हते, फक्त लेखणी होती. अहिल्यादेवींच्या हाती राज्य होते. पण पती खंडेराव यांच्या मृत्यूनंतर त्या सती गेल्या नाहीत त्या सासऱ्यांच्या विनवणीमुळे, असे परंपरा सांगते. म्हणजे एवढ्या कर्तबगार स्त्रीचे जगणेदेखील वडीलधाऱ्या पुरुषाच्या शब्दावर अवलंबून होते. अपवाद म्हणून मिळालेली सत्ता कितीही उज्ज्वल असो, ती शेजारणीच्या वाट्याला येत नाही. हक्क मात्र शेजारणीलाही मिळतो, म्हणूनच तो हक्क.

मिस फॅरार १८२७ साली मुंबईत आल्या आणि १८३९ पासून अखेरपर्यंत, म्हणजे १८६२ पर्यंत, नगरमध्ये राहिल्या. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि मिशनच्या दृष्टीने मुलींचे शिक्षण त्या हेतूचे साधन होते. हे झाकण्याचे कारण नाही. परंतु शाळेचा परिणाम नेहमीच चालकांच्या हेतूपुरता राहत नाही. जोतीराव फुले यांनी नगरला येऊन ही शाळा पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंच्या शिक्षकी प्रशिक्षणाच्या संदर्भातही फॅरारबाईंचे नाव त्यांच्या चरित्रांतून येते. मिशनने लावलेले रोप असे मिशनच्या कुंपणाबाहेर वाढले.

१८४८ हे युरोपातही क्रांतीचे वर्ष. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेतील सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली आणि तिच्या जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया व ३२ पुरुषांनी सह्या केल्या. मतदानाच्या हक्काचा ठराव तेथेही सहज संमत झाला नाही. आपल्याकडे त्या वर्षी जाहीरनामा निघाला नाही. एक शाळा निघाली. म्हणून आपली सुरुवात मागासलेली ठरत नाही. ज्या समाजात अक्षरच निषिद्ध होते, तेथे अक्षर शिकवणे ही पहिली कृती, मागणी त्यानंतरची. प्रश्न एवढाच, की अशी मागणी पुढे लिहिली गेली का?

ती लिहिली गेली, आणि लवकरच. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. हे नियतकालिक १८४२ साली नगरमध्येच सुरू झालेले. निबंधाचा युक्तिवाद आजही थांबून वाचावा असा आहे. वेद ब्राह्मणांचेच असतील आणि आम्ही ते पाहायचेही नसतील, तर आम्ही धर्माविना आहोत हे उघड झाले. मग आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवालाच विचारते. प्रतिपक्षाचेच गृहीतक स्वीकारून त्याला कोंडीत पकडण्याची ही रीत मुरलेल्या तर्कपंडिताला शोभावी. महारही मांगांना आपल्याहून हलके मानतात, हे सांगायला ती कचरत नाही. आणि आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हे ती लिहिते.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वुलस्टनक्राफ्ट १७९७ साली बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत वारली. बाळंतपणातील संकट कोणत्याही स्त्रीला चुकत नाही. पण छपराविना बाळंत होणे हे विशिष्ट जातीच्या स्त्रीच्याच नशिबी होते. स्त्रीचे दुःख आणि जातीचे दुःख एकाच वाक्यात आल्यावाचून आपल्याकडे हक्काची भाषा पुरी होत नाही, हे या शाळकरी मुलीने कोणत्याही सिद्धान्तावाचून दाखवले.

निबंधात पेशवाईतील जुलमांचे वर्णन आहे आणि इंग्रजी राज्याबद्दल कृतज्ञताही. ती आज खटकेल. पण दोनच वर्षांनी आलेल्या १८५७ च्या स्मृतीतही आपण प्रथम आठवतो ती झाशीची राणी. म्हणजे पुन्हा एक सत्ताधारी, असामान्य स्त्री. मुक्ताबाईंच्या लेखी राज्य कोणाचे यापेक्षा त्या राज्यात आपल्याला माणूस म्हणून वावरता येते का, हा प्रश्न निकडीचा होता. तिच्या कृतज्ञतेत परकीयांच्या स्तुतीपेक्षा स्वकीयांवरील आरोप अधिक आहे.

मराठी निबंधाचा इतिहास शिकवताना आपण लोकहितवादींच्या १८४८ पासूनच्या शतपत्रांवरून चिपळूणकरांच्या १८७४ सालच्या निबंधमालेकडे जातो. मुक्ताबाईंचा निबंध या दोहोंच्या मधला, आणि ताराबाई शिंदे यांच्या १८८२ सालच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’पेक्षा २७ वर्षांनी आधीचा. १९९१ साली सूसी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या इंग्रजी संकलनात त्याला स्थान मिळाले. मराठीच्या वर्गात मात्र तो बहुधा सामाजिक इतिहासाचा दाखला म्हणून येतो, निबंध म्हणून क्वचितच.

सावेडी हे एके काळचे गावाबाहेरचे गाव. आज ते नगरचे गजबजलेले उपनगर आहे. तेथील मुलगी सकाळी दप्तर घेऊन निघते, याचे कोणालाही नवल वाटत नाही. नवल न वाटणे हीच हक्क रुजल्याची खूण. अहिल्यादेवींचे नाव तिला जिल्ह्याच्या पाटीवर रोज दिसेल, आणि ते दिसावेच. मुक्ताबाईंचे नाव तिला भेटेल ते फक्त पाठ्यपुस्तकात, आणि तेही आपण ते तेथे ठेवले तरच.