इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा न जुळणारा हिशेब

कोयनानगरच्या रहिवाशांना ऊर्जेचा हिशेब नवा नाही. शिवसागराचे पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीकडे कोसळते. जितकी उंची ते गमावते, तितकी ऊर्जा वीज व उष्णता या दोन खात्यांवर जमा होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हाच हिशेब एका इलेक्ट्रॉनपाशी मात्र अडला. त्या पेचाचा एक धागा शेजारच्या कोल्हापुरापर्यंत पोहोचतो, म्हणून त्याची हकिकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विद्युत्भारित गोल हलविताना त्याचे क्षेत्रही हलवावे लागते, म्हणून तो अधिक जड भासतो, हे जे. जे. टॉमसन यांनी १८८१ साली दाखविले. मग इलेक्ट्रॉनचे सारे वस्तुमान क्षेत्राचेच का नसावे? माक्स अब्राहम यांनी ताठ गोल कल्पिला. लॉरेन्ट्झ यांनी १९०४ मध्ये गतीच्या दिशेने आकुंचन पावणारा. भार पातळ कवचावर पसरलेला मानला, तर त्याच्या क्षेत्राच्या संवेगावरून निघणारे वस्तुमान हे स्थिर क्षेत्रऊर्जेवरून निघणाऱ्या वस्तुमानाच्या ४/३ पट भरते! अब्राहम यांनी नेमके बोट ठेवले: लॉरेन्ट्झ यांच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा जितकी वाढते, तितके कार्य बाह्य बल करीतच नाही. उरलेली ऊर्जा आली कोठून? (अब्राहम यांचा ताठ इलेक्ट्रॉन पुढे टिकला नाही, हा आक्षेप मात्र अचूक होता, असे आमचे मत आहे.)

आंरी प्वांकारे यांनी १९०५ मध्ये उत्तर दिले. सजातीय भार परस्परांना दूर लोटतात. कवच फुटू नये म्हणून विद्युतेतर असा एखादा ताण त्याला आवरून धरीत असला पाहिजे. स्थिर कवचात त्या ताणाची ऊर्जा क्षेत्रऊर्जेच्या बरोबर एक-तृतीयांश येते. खाते जुळले; परंतु सारे वस्तुमान विद्युतेचेच, ही आशा मावळली. १९२२ मध्ये एन्रिको फेर्मी यांनी मोजणीची रीत सुधारून ४/३ चा घोळ मिटविला, तरी कवच आपल्या बळावर टिकेना. त्रिज्या घटवावी, तर ऊर्जा वाढत जाते; बिंदूपाशी ती अनंत होते.

१९४५ मध्ये व्हीलर व फाइनमन यांनी निराळी वाट धरली: कण स्वतःवर क्रिया करीतच नाही, प्रारणाचा प्रतिरोध विश्वातील इतर भारांकडून येतो. स्वऊर्जेचे खातेच बंद! ही वाट प्रसरण पावणाऱ्या विश्वात नेणाऱ्यांत १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर होते. फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी दाखविले की प्रारण भविष्याकडेच का जाते, याचे उत्तर स्थिर-स्थिती विश्वात मिळते. १९६५ मध्ये सापडलेले पार्श्वप्रारण त्या विश्वाच्या विरोधात गेले. तरीही या जोडीने १९६९ पासून तोच विचार पुंजवादी गणितात मांडला.