थोरलं पोर आणि लांबची वाट

पाच-सहा वर्षांचं मूल बाबागाडीत बसलेलं दिसलं की आपल्याकडे बघणाऱ्याच्या कपाळावर आठी येते. एवढं मोठं पोर, पाय नाहीत का त्याला? मनोरंजन उद्यानात दिवसभर हिंडायचं असेल तेव्हा अशा मुलासाठी गाडी घ्यावी का, या प्रश्नावर आईवडील अडतात ते बहुतेक वेळा या आठीच्या धाकाने. आपल्या वाडवडिलांच्या काळात मुलं पाच वर्षांची झाली की चालायला लागायची, लाड नव्हते, असं सांगितलं जातं आणि ऐकणारा गप्प बसतो. सातारा-सांगलीकडच्या जत्रा, वारी आणि स्थलांतर यांचा मागोवा घेतला तर हे सांगणं टिकत नाही. या मुलखात मुलाला उचलायचं की चालवायचं हे त्याच्या वयावरून क्वचितच ठरत असे. वाट किती लांब, ऊन किती, गर्दी कशी आणि उचलायला हात किती, यावरून ते ठरायचं. वयाची रेघ नंतर आली, आणि ती दुसऱ्याच कामासाठी ओढलेली होती.

सुरुवात वारीपासून करावी, कारण लांब चालण्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं शास्त्र तिथे आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला आजचं रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी दिलं. ते साताऱ्याजवळच्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी राहिलेले. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू पुरवले. फौजेत वावरलेल्या माणसाने सोहळा बसवला असल्यामुळे त्यात मजल, विसावा आणि मुक्काम यांचं गणित पक्कं आहे. नीरा ओलांडून पालखी पाडेगावला सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत नातेपुत्याकडे जाते. लोणंद ते तरडगाव ही मजल आठेक किलोमीटरची आणि त्यातच चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण. तरडगाव ते फलटण मात्र वीसेक किलोमीटर. लहान मजलेला आसपासच्या गावांतली कुटुंबं पोराबाळांसह चालताना दिसतात. मोठ्या मजलेला तीच पोरं खांद्यावर, पाठुंगळी किंवा दिंडीच्या गाडीत असतात. पूर्वी ती बैलगाडी होती, आता ट्रक आहे. सामान, शिधा, पाणी त्यातून जातं आणि पाय सुजलेली म्हातारी, ताप आलेला वारकरी, दमलेलं पोर यांची बसायची जागाही तीच. चालणं हेच ज्यांचं व्रत, त्यांनीसुद्धा सोबत चाकं ठेवली आहेत आणि त्यात कुणाला कमीपणा वाटलेला नाही.

यामागे शरीराचा हिशेब आहे. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटीमीटर. वीस किलोमीटरला मोठ्या माणसाची पंचवीस-तीस हजार पावलं पडत असतील तर या मुलाची चाळीस हजारांच्या घरात जातात. चालण्याची धाटणी मोठ्यांसारखी होते ती सातव्या वर्षाच्या सुमाराला, आणि त्यानंतरही बरीच वर्षं वजनाच्या मानाने चालायला लागणारी ताकद मुलाला मोठ्यांपेक्षा जास्तच लागते. मूल अंगणात दिवसभर पळतं हे खरं, पण ते मध्येच बसतं, लोळतं, पुन्हा उठतं. मोठ्यांच्या चालीने, मोठ्यांनी ठरवलेल्या वेळेपर्यंत एकसारखं चालत राहणं हे वेगळं काम आहे. वारीने ते आकड्यांत मांडलं नाही, मजलेच्या लांबीत ओळखलं.

जत्रांचं चित्र याहून ठळक आहे. माण तालुक्यातलं शिखर शिंगणापूर, म्हसवडचा सिद्धनाथ, आटपाडीकडची खरसुंडी, कऱ्हाडजवळची पाल ही ठिकाणं चार-सहा तालुक्यांतून माणसं ओढणारी. खरसुंडीला देवाबरोबर खिलार जनावरांचा बाजारही भरतो, म्हणजे बैल आणि गाडी घरातून निघायचीच. त्या गाडीत कडबा, भाकऱ्यांचं गाठोडं, म्हातारी माणसं आणि पोरं. धडधाकट माणसं गाडीबरोबर चालत. पाच वर्षांचं पोर गाडीत आणि दहा वर्षांचं खाली, अशी वाटणी नव्हती. चढ आला की दोघंही खाली, कारण बैलांवर भार नको. ऊन चढलं की दोघंही गाडीत. शिंगणापूरला मुंगी घाटाने कावड चढवणारे भक्त जीव तोडून चढतात, पण तो चैत्रातला नवस आहे आणि तो मोठ्यांचा आहे. पोरांना त्या घाटाने चढवलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही.

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातले मेंढपाळ धनगर पावसाळ्यानंतर कळप घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या घोड्यावर बाजलं, भांडी, कोंबड्या, नुकतंच जन्मलेलं कोकरू आणि त्यांच्यामध्ये बसवलेलं पोर हे दृश्य या भागातल्या रस्त्यांवर आजही दिसतं. चालण्यात ज्यांचा हात कुणी धरू शकणार नाही अशी ही माणसं. कोकराला आणि पोराला एकाच घोड्यावर ठेवण्यामागचा विचार सरळ आहे: जो मागे पडला की सगळा वाडाच अडतो, त्याला आधी वर घ्यायचं. मोठ्या मुलाला गाडीत बसवणं म्हणजे त्याला नाजूक करणं, असं म्हणणाऱ्यांनी या घोड्याकडे जरूर पाहावं. त्यावर बसून वाढलेली मुलं पुढे आयुष्यभर कळपामागे चालली आहेत.

मग पाच वर्षांची रेघ आली कुठून? माझ्या मते ती तिकिटाच्या खिडकीवरून आली. रेल्वेत आणि पुढे एसटीत पाच वर्षांखालचं मूल फुकट आणि पाच ते बारा अर्धं तिकीट, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या अंगवळणी पडला. वाहकापुढे मुलाचं वय सांगताना पाच हा आकडा महत्त्वाचा झाला. शाळेची पहिलीही त्याच सुमाराला. जागा किती अडते आणि पैसे किती घ्यायचे, यासाठी केलेली ही सोय. तिच्यात मुलाच्या पायांचा विचार नव्हता आणि असायचं कारणही नव्हतं. पण एकदा पाचाच्या पुढचं मूल कागदावर अर्धा माणूस ठरलं की ते वाटेवर पूर्ण माणसासारखं चाललं पाहिजे ही अपेक्षा आपोआप मागून आली. रेल्वेने २०१६ साली स्वतःची जागा हवी असेल तर पाच वर्षांपुढच्या मुलालाही पूर्ण भाडं लावलं. भाड्याच्या सोयीने रेघेचा अर्थ बदलतो याचा याहून चांगला दाखला नको.

आता सर्वांत भक्कम वाटणारा आक्षेप. आमच्या वेळी मुलं चालायचीच, कोसभर शाळेला जायचीच. खरं आहे, चालायची. पण त्यांतली किती चालली आणि किती जणांनी शाळाच सोडली, हे विचारायला हवं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. पुढे डोंगरातल्या खेड्यांपर्यंत त्यांनी शाळा नेल्या. रोजची लांब वाट मुलाला कणखर करते, असं मानून ते थांबले असते तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. अंतर हे मुलाच्या आड येतं, ते मोठ्यांनी कमी करायचं असतं, हे त्यांच्या कामातून स्पष्ट दिसतं. त्या काळची चाल अभिमानाने सांगताना तिची किंमत सांगायचं राहून जातं.

त्या किमतीतला मोठा वाटा मुलींनी भरला आहे. आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण आणि तिच्या कडेवर दोन-तीन वर्षांचा भाऊ, ही जोडी जत्रेत, शेताच्या बांधावर, ऊसतोडीच्या फडाजवळ सगळीकडे असायची आणि सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांच्या हंगामात ती आजही पूर्ण नाहीशी झालेली नाही. आपण म्हणतो, थोरली मुलं चालत होती. त्यांतली अनेक चालत होती कारण ती स्वतःच कुणाची तरी गाडी झाली होती. पालघरकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली, कारण धाकटं भावंड सांभाळणारी मुलगी शाळेत येऊच शकत नव्हती. जुन्या काळात बाबागाडी लागत नव्हती, या वाक्याच्या पोटात ही मुलगी आहे. तिला वगळून मांडलेला जुना काळ मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप व्यायामाचा, आणि तो याच भूमीवर सर्वांत गंभीरपणे मांडला गेला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि संस्थानातल्या शाळांत तो आणला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि त्याच संस्थानातली आटपाडी सांगलीत, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलांनी ही शिस्त पाहिली. मुलांच्या अंगात बळ आलं पाहिजे हा त्यांचा आग्रह योग्यच होता आणि आज, जेव्हा गल्लीतल्या दुकानापर्यंतही मूल दुचाकीवर जातं, तेव्हा तो जास्तच योग्य आहे. पण सूर्यनमस्काराची रीत काय? सकाळी, मोजून, रोज थोडे, हळूहळू वाढवत. वर्षातून एकदा दहा तास उन्हात चालवणं हा या रीतीचा नमुना नव्हे. रोज शाळेत चालत जाणारं मूल सहलीच्या दिवशी चार तास गाडीत बसलं तर त्याचं काही बिघडत नाही. रोज गाडीतून फिरणाऱ्या मुलाला सहलीच्या दिवशी फरफटत नेलं तर त्याला चालण्याचा तिटकारा तेवढा येतो.

गर्दीचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो, आणि तोही इथल्या अनुभवानेच शिकवलेला आहे. तासगावच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला दोरांनी ओढला जातो. पेठ माणसांनी भरलेली असते. तिथे मोठ्यांच्या कमरेइतक्या उंचीचं मूल खाली उभं असलं तर त्याला रथ दिसत नाही आणि वाराही लागत नाही. म्हणून बाप त्याला खांद्यावर घेतो. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या रथालाही तेच. अशा ठिकाणी बाबागाडी खांद्याची जागा घेऊ शकत नाही, कारण ती मुलाला आणखी खाली नेते. पायऱ्यांवर तर ती अडथळाच. वाई तालुक्यातल्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी अरुंद, निसरड्या वाटेवर चेंगराचेंगरी आणि आग यांत २९० हून अधिक माणसं गेली, त्यांत बायका आणि मुलं कितीतरी. त्या वाटेवर कुठलीही जास्तीची वस्तू नको होती. सज्जनगडाला, औंधच्या यमाईच्या डोंगराला, प्रतापगडाला बाबागाडी घेऊन जाणं चुकीचंच. तिथे पाठुंगळीचं मूल किंवा लहान बेत, एवढेच मार्ग.

उद्यानाची गोष्ट वेगळी, कारण तिथली जमीनच चाकांसाठी केलेली असते. सपाट, फरसबंद, उतारांची. ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी १९६५ साली तयार केली, आणि मोठ्या मुलासाठी गाडी सोबत नेणं त्यानंतर खऱ्या अर्थाने शक्य झालं. फ्लॉरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट उद्यानात तळ्याभोवतीचा एक फेराच सुमारे दोन किलोमीटरचा आहे. तिथे मोठी मुलं गाडीत बसलेली सर्रास दिसतात. त्या गाड्यांची गर्दीही झाली, म्हणून १ मे २०१९ पासून डिस्नेने ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठ्या गाड्यांना मनाई केली. बंधन गाडीच्या मापावर घातलं, बसणाऱ्याच्या वयावर नाही. गर्दीचा प्रश्न असाच सोडवायचा असतो.

सातारा-सांगलीच्या कुटुंबाला तर हा हिशेब जास्तच लागू पडतो. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, तेव्हापासून इकडची मंडळी तिकडे जातात. साताऱ्याहून निघालं तर रस्त्यात तीन-साडेतीन तास, सांगलीहून पाचाच्या वर. म्हणजे मूल पहाटे तीन-चारला उठवलेलं, घाटात पोट ढवळलेलं, आणि उद्यानाच्या दारातच निम्मं दमलेलं. पुढे रांगा, ऊन आणि आठ-दहा किलोमीटर चालणं. परतीचा प्रवास तेवढाच. पूर्वी या वाटेवर काका, मामा, आजोबा, दिंडीतली चार माणसं असत. एकाचा खांदा दुखला की पोर दुसऱ्याकडे जाई. आज गाडीत दोन मोठी आणि दोन मुलं. वीस किलोचं मूल दुपारनंतर कुणी आणि किती वेळ उचलायचं? खांदे कमी झाले त्यांच्या जागी चाकं आली, एवढाच हा बदल आहे.

म्हणून ठरवताना वय शेवटी विचारात घ्यावं. मूल रोज किती चालतं, किती वाजता उठवणार, परतीला किती तास, महिना कोणता, हे आधी. मे महिना असेल आणि सांगलीहून जाऊन त्याच रात्री परतायचं असेल तर सात वर्षांच्या मुलासाठीही गाडी घ्यावी. डिसेंबरात खोपोलीत मुक्काम करून सकाळी ताजंतवानं जाणार असाल तर पाच वर्षांचं मूलही चालेल. दोन खेळांमध्ये सावलीत अर्धा तास बसवलं म्हणजे झालं. गाडी घेतली तरी मुलाने सकाळी चालावं, तीच गाडी ढकलावी, तिच्यात पाण्याच्या बाटल्या आणि डबे जावेत, आणि दुपारी तीननंतर त्याने बसावं. ज्या मुलाला दमा आहे, ज्याचे स्नायू लवकर थकतात किंवा ज्याला गर्दीच्या आवाजाने घाबरायला होतं, ते वरून पाहणाऱ्याला धडधाकटच दिसतं. त्याच्या आईला गाडी घेताना कुणापुढे कारण सांगावं लागू नये, आणि ते तेव्हाच घडेल जेव्हा बाकीची मोठी मुलंही बिनदिक्कत गाडीत बसलेली दिसतील.